धान्याच्या आधी यादी का?
युद्धकाळातील लहान नगरपालिकांच्या कारभारापासून घ्यावयाचा धडा

समितीच्या कार्यास ज्यांनी आजवर धान्याने, द्रव्याने अथवा श्रमाने साह्य केले, त्यांपैकी कित्येकांनी आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारला आहे. ‘लोक उपाशी असता तुम्ही पहिले आठ-आठ दिवस नगरपालिकेच्या कचेरीत बसून याद्या कसल्या उतरविता? पोती आली, ती फोडावी आणि पुढे येईल त्याच्या पदरात घालावी, हे सरळ काम सोडून कागद कशास काळे करावे?’ हा प्रश्न रागाने नव्हे, कळकळीने विचारलेला आहे. म्हणून त्याचे उत्तर दोन ओळींत उरकून टाकणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. जमाखर्च व देणग्यांचा तपशील अहवालात अन्यत्र दिलाच आहे. येथे केवळ ह्या एका प्रश्नाचा खुलासा करावयाचा आहे.

खुलाशासाठी आम्ही दुसऱ्या महायुद्धाचा, म्हणजे १९३९ ते १९४५ हा काळ निवडला आहे. त्या सहा वर्षांत मुंबई प्रांतातील लहान गावांच्या म्युनिसिपालिट्यांनी काही मोठा पराक्रम गाजविला असे नव्हे. दिवाबत्ती, झाडलोट, जकात, पाणी, जन्ममृत्यूची नोंद, असलीच रुक्ष कामे त्या करीत होत्या. परंतु टंचाईच्या दिवसांत माणूस जगविण्यास ह्याच रुक्ष कामांचा किती उपयोग होतो, आणि त्यांत राहिलेली एक लहानशी उणीव किती घातक ठरते, हे त्या काळाइतके स्पष्ट अन्यत्र क्वचितच दिसेल.

१. युद्धापूर्वीची कचेरी

प्रांतातील लहान म्युनिसिपालिट्या बहुतांशी १९०१ च्या जिल्हा म्युनिसिपल कायद्याखाली चालत. मोठ्या गावांसाठी १९२५ चा निराळा कायदा होता. कायद्याची भाषा भारदस्त, पण कचेरी मात्र साधी. एक अध्यक्ष, काही सभासद, एक चीफ ऑफिसर अथवा सेक्रेटरी, दोनचार कारकून, वसुलीचे शिपाई, नाक्यानाक्यांवरील नाकेदार, दिवे लावणारे, आणि रस्ते, गटारे व शौचकूप साफ करणारे नोकर, एवढाच तिचा परिवार. ह्यांपैकी शेवटच्या वर्गाचा पगार सर्वांत थोडा, आणि त्यांच्यावाचून गावाचे चार दिवसही चालणे अशक्य; ही विसंगती युद्धाने निर्माण केली नाही, उघड मात्र केली.

उत्पन्नाच्या मुख्य बाबी म्हणजे जकात, घरपट्टी, पाणीपट्टी व बाजारातील बैठकीची फी. पंढरपुरासारख्या यात्रेच्या ठिकाणी यात्रेकरूंवरही कर असे. खर्चाच्या बाबी त्याहून पुष्कळ: रस्ते, दिवे, विहिरी व नळ, दवाखाना, देवी काढणे, प्राथमिक शाळा, बेवारस प्रेतांची विल्हेवाट. दुष्काळ अथवा टंचाईच्या प्रसंगी हद्दीतील निराधारांस साह्य देणे हेही म्युनिसिपालिटीच्या कर्तव्यांत गणलेले होते. पण तिजोरी इतकी तोकडी की हे कर्तव्य कायद्याच्या पुस्तकातच राही, आणि सभेपुढे विषय येई तो कोणत्या गल्लीत दिवा लावावा आणि कोणाच्या ओट्याने रस्ता अडविला एवढाच.

तथापि ह्या कचेरीत एक गोष्ट अशी होती की जी गावात दुसऱ्या कोणापाशी नव्हती. तिच्या दप्तरात घराचा आकडा होता, घरमालकाचे नाव होते, वेशीतून आत आलेल्या मालाची नोंद होती, आणि जन्मलेल्या व मेलेल्या माणसाची तारीख होती. सुकाळात ह्या वह्यांस धूळ चढे. अकाळात त्यांचेच मोल धान्याच्या बरोबरीचे झाले.

२. युद्ध गावात कसे आले

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयांनी हिंदुस्थान युद्धात सामील असल्याचे जाहीर केले. त्याच्या निषेधार्थ काँग्रेसची मंत्रिमंडळे बाहेर पडली व मुंबई प्रांताचा कारभार गव्हर्नरांच्या हाती गेला, तो १९४६ पर्यंत. ऑगस्ट १९४२ च्या चळवळीनंतर गावोगावचे पुष्कळ कार्यकर्ते तुरुंगात होते. त्यांत म्युनिसिपालिट्यांचे सभासदही होते. म्हणजे ज्या काळात लोकांच्या वतीने बोलणाऱ्याची गरज सर्वांत अधिक, त्याच काळात सभागृहातील खुर्च्या रिकाम्या राहिल्या. गावगाडा चालला तो मागे उरलेल्या थोड्या सभासदांच्या व पगारी नोकरांच्या खांद्यावर.

आरंभीची दोन वर्षे युद्ध गावात येई ते बहुधा वर्तमानपत्रातून. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ते घराघरांत शिरले. ब्रह्मदेशातून दरसाल दहा लाख टनांहून अधिक तांदूळ हिंदुस्थानात येत असे, तो बंद झाला. तेथील तेलाच्या खाणी गेल्या, त्याबरोबर घासलेटाची चणचण सुरू झाली. त्याच महिन्यात जावा बेट जपानने घेतले, आणि क्विनीन दुर्मिळ झाले. कारण जगातील बहुतेक क्विनीन तेथल्या सिंकोनाच्या झाडांपासून होत असे. रंगून व जावा ही नावे ज्यांनी कधी ऐकली नव्हती, त्यांच्या चुलीतला भात, कोनाड्यातला दिवा आणि दवाखान्यातली पुडी ही तिन्ही एकदम आटली.

म्युनिसिपालिटीच्या दृष्टीने ह्याचा अर्थ असा की, रस्त्यावरील घासलेटचे दिवे कमी करावे लागले. चांदण्या पक्षात दिवे न लावण्याची काटकसर पुष्कळ गावांत पूर्वीपासून होतीच. आता अंधाऱ्या पक्षातही गाव अंधारात राहू लागले. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशातील घड्याळे एक तास पुढे केलेली होती. घड्याळ हुकमाने पुढे गेले, परंतु सूर्य, गुरे आणि बाजाराच्या गाड्या जुन्याच वेळेने चालत. कचेरीची घंटा एक सांगे आणि सावली दुसरे.

पैशाचीही तीच दशा. चलनी नोटा १९३९ मध्ये सुमारे १८० कोटी रुपयांच्या होत्या, त्या १९४५ पर्यंत अकराशे कोटींच्या वर गेल्या, आणि मालाचे भाव दुपटीहून अधिक चढले. नोटा वाढल्या तरी मोड मात्र मिळेना. तांब्याची बचत व्हावी म्हणून १९४३ मध्ये भोकाचा पैसा निघाला. आण्या-पैशांवर चालणाऱ्या कचेरीस मोडीची टंचाई ही लहान अडचण नव्हती. नाक्यावर दोन आण्यांची जकात देण्यास गाडीवानापाशी नोट, आणि ती मोडून देण्यास नाकेदारापाशी खुर्दा नाही, अशी स्थिती.

भाव चढले तसा नोकरांना महागाईभत्ता देणे प्राप्त झाले. घरपट्टी मात्र पूर्वी केलेल्या आकारणीवरच चालू होती. उत्पन्न जुन्या भावाने आणि खर्च नव्या भावाने, हे गणित ज्या कचेरीस सोडवावयाचे असते, तिला कात्री कोठे लागते हे सांगावयास नकोच. डांबर थांबते, इमारत थांबते. पण झाडू आणि पाणी थांबविता येत नाही.

३. नाक्यावरची वही

जकात नाक्याची रीत अशी असे. गाडी वेशीवर आली की नाकेदार माल पाही, पोती मोजी अथवा वजन करी, दराप्रमाणे जकात घेई आणि पावती फाडून देई. माल गावात न उतरता पुढे जावयाचा असेल तर रहदारीचा दाखला मिळे. भरलेली जकात माल बाहेर गेल्यावर परत देण्याचीही सोय असे. हा कर गरिबाच्या घासावर पडे, व्यापाराची अडवणूक करी आणि लाचलुचपतीस वाव देई, हे आक्षेप खरेच होते. आज महाराष्ट्रात जकात राहिलेली नाही. १९९९ मध्ये नगरपालिकांची गेली आणि २०१७ मध्ये मुंबईचीही संपली. तिच्याविषयी हळहळण्याचे कारण नाही.

पण त्या वहीचा एक गुण सांगितला पाहिजे. गावात किती धान्य आले आणि किती गेले, ह्याची दिवसागणिक नोंद फक्त तिच्यात होती. ज्वारीच्या गाड्या गतसालच्या मानाने निम्म्यावर आल्या, हे नाकेदारास व्यापाऱ्याच्या आधी कळे. गुरांच्या बाजाराच्या फीचे पुस्तक त्याहूनही बोलके. पावसाळा तोंडावर असता शेतकरी बैल विकावयास आणतो, तो बैल नको झाला म्हणून नव्हे. विक्रीची संख्या चढली आणि जनावराची किंमत उतरली, की समजावे खेड्यात वैरण संपली आहे आणि लवकरच धान्यही संपणार आहे.

ह्यात आम्ही काही नवे शोधून काढीत नाही. १८८० च्या दुष्काळ कमिशननंतर प्रांतोप्रांती जे दुष्काळाचे नियम तयार झाले, त्यांत भावांची चढ, गुरांची विक्री व लोकांचे गाव सोडून भटकणे ही संकटाची पूर्वचिन्हे मानलेली आहेत. त्याच्याही आधी, १८७६-७७ च्या दुष्काळात, पुण्याच्या सार्वजनिक सभेने ठिकठिकाणच्या आपल्या माणसांकडून खबर आणवून ती सरकारपुढे मांडली होती. खबर लवकर मिळणे हे निवारणाचे अर्धे काम होय. १९४२-४३ मध्ये विजापूर जिल्ह्यात दुष्काळ पडला तेव्हा दुष्काळी कामे काढण्यात आली. अशी कामे वेळेवर निघतात की नाही, हे वहीतील आकडा कचेरीबाहेर किती लवकर पोचतो ह्यावर अवलंबून असते. आकडा वहीतच निजून राहिला, तर वही असून नसल्यासारखीच.

४. घरपट्टीवरून कार्ड

२ मे १९४३ रोजी मुंबई शहरात रेशनिंग सुरू झाले. त्याच वर्षी नेमलेल्या अन्नधान्य धोरण समितीने एक लाखावर वस्तीच्या शहरांत रेशनिंग करावे अशी शिफारस केली, आणि पुढे क्रमाक्रमाने लहान गावांतही कार्डावर धान्य देण्याची पद्धत आली. हुकूम सरकारचा, पुरवठा कलेक्टर-मामलेदारांच्या हाती, दुकान नेमलेल्या दुकानदाराचे. पण घर कोणते आणि ते कोणाचे, हे सांगणारे दप्तर म्युनिसिपालिटीचे. वॉर्ड, घराचा आकडा, कुटुंबातील मुख्याचे नाव, मोठी माणसे किती, मुले किती, ह्या पाच रकान्यांवर एका कुटुंबाचा महिना उभा राही.

येथेच मघाशी उल्लेखिलेली उणीव आहे. घरपट्टीचे पुस्तक हे घरांचे पुस्तक आहे, माणसांचे नव्हे. आणि त्यातही पट्टी देणाऱ्या घरांचे. एका वाड्याचा आकडा एक, परंतु त्यात बिऱ्हाडे अकरा असली तर पुस्तकात मालक तेवढा दिसे. अल्प किमतीच्या झोपड्यांस कित्येक ठिकाणी पट्टी माफ असे. माफ म्हणून त्यांची नोंदही कच्ची. गावकुसाबाहेरील वस्ती, नदीकाठची पाले, हंगामापुरते आलेले मजूर, धर्मशाळेच्या ओसरीत निजणारी म्हातारी, ह्यांना आकडाच नव्हता. आकडा नाही म्हणून कार्ड नाही, आणि कार्ड नाही म्हणून दुकानदार तागडीस हात लावीत नाही. दोष त्या एकट्या दुकानदाराचा नव्हे. तो कागदावर लिहिले तेवढेच देणार.

म्हणजे ज्याच्या घरी कोठार होते त्याचे नाव पुस्तकात अगदी ठळक, आणि ज्याला त्याच सायंकाळच्या भाकरीची भ्रांत त्याचे नाव कोठेच नाही. मुद्दाम कोणी हा अन्याय केला नव्हता. पट्टी वसूल करण्यासाठी केलेली यादी अन्न वाटण्यासाठी वापरली, एवढेच घडले. यादी ज्या हेतूने केली त्या हेतूची माणसे तिच्यात सापडतात. इतरांना शोधून काढावे लागते.

जेथे हे ध्यानात आले तेथे उपायही कठीण नव्हता. वॉर्डाचा सभासद, शाळेचा मास्तर आणि त्या वस्तीतला एखादा जाणता माणूस अशा तिघांनी पुस्तक हातात घेऊन गल्ली पायाने फिरावी, आणि पुस्तकात नाही पण चूल पेटते किंवा पेटावयास हवी, अशी प्रत्येक जागा लिहून घ्यावी. ह्या कामी सफाईच्या नोकरांइतका जाणकार दुसरा नाही. गावातील एकही आडकोपरा असा नसतो की जेथे त्यांचे पाऊल रोज पडत नाही. पण त्यांना विचारण्याचे कचेरीस सहसा सुचत नाही.

५. जन्ममृत्यूचे पुस्तक

कार्डाच्या दुसऱ्या टोकास खोट्या नावांचा प्रश्न होता. माणूस मेला तरी त्याचे कार्ड जिवंत राही. पाहुणा गेला तरी त्याचा वाटा चालू राही. हे पाप श्रीमंतांनी केले तसे गरिबांनीही केले. फरक इतकाच की गरिबाने मेलेल्या बापाचा शिधा नातवंडांच्या तोंडी घातला, आणि दुसऱ्याने तो काळ्या बाजारात विकला. मृत्यूची नोंद म्युनिसिपालिटीकडेच होती. ती कार्डांशी दर महिन्यास ताडून पाहिली तर खोटी नावे गळत, आणि त्याच बैठकीत जन्माची नोंद पाहिली तर नवी नावे चढत. पहिले काम तेवढे करून दुसरे टाळणे ही कचेऱ्यांची जुनी खोड. नाव काढण्यास कारकून तत्पर, घालण्यास मात्र दाखला पाहिजे.

ह्या पुस्तकाचा आणखी एक उपयोग सांगणे अवश्य आहे. दुष्काळात माणसे केवळ भुकेने मरतात असे नाही. भूक अंग खिळखिळे करते आणि पटकी, हिवताप, देवी, हगवण ह्यांपैकी कोणी तरी शेवटचा धक्का देते. म्हणून मृत्यूच्या पुस्तकात एकाच आळीची नावे ओळीने दिसू लागली, की त्या आळीच्या विहिरीत औषध टाकावयास त्याच दिवशी माणूस गेला पाहिजे. युद्धकाळात क्विनीन नव्हते आणि औषधे अपुरी होती. विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकणे, पाणी उकळून पिण्यास सांगणे, पटकीची लस टोचणे, एवढेच हाती होते. पण एवढेही करावयाचे तर ते कोठे, हे पुस्तकावाचून कळत नसे. पाण्याची व्यवस्था, सफाई आणि मृत्यूची नोंद ही तीन खाती वेगवेगळी भासली तरी दुष्काळात ती एकच होत.

६. बंगालचा अनुभव

ह्याच काळात देशाच्या पूर्वेकडे जे घडले, ते आठविल्यावाचून हा खुलासा पुरा होत नाही. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झालेला. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून किनाऱ्याकडील भागांत दहाहून अधिक माणसे वाहणाऱ्या होड्या सरकारने १९४२ मध्ये काढून घेतलेल्या. त्यात १६ ऑक्टोबर १९४२ रोजी मेदिनीपुराकडे भयंकर तुफान झाले. भाव कडाडले, आणि १९४३ मध्ये बंगालात दुष्काळ पडला. १९४५ मध्ये चौकशी कमिशनने मृत्यूंचा अंदाज सुमारे १५ लाख केला. पुढील अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला आहे.

ह्या दुष्काळात एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. कलकत्त्यातील मोठ्या कारखान्यांच्या व कचेऱ्यांच्या नोकरांस धान्य पुरविण्याची तजवीज १९४२ मध्येच सुरू झाली होती. त्यांची नावे पगारपत्रकावर होती; ते जगले. मेले ते मुख्यत्वे खेड्यांतील भूमिहीन मजूर, कोळी व होडीवाले. त्यांच्यापाशी विकावयास श्रमाखेरीज काही नव्हते, आणि त्यांची नावे कोणत्याही पत्रकावर नव्हती. ते चालत कलकत्त्यास आले, आणि जेथे दुकाने भरलेली होती त्याच रस्त्यांवर पडले. दुष्काळाचे नियम पुस्तकात तयार असता बंगालात दुष्काळ रीतसर जाहीरच केला गेला नाही. कलकत्त्यास रेशनिंग सुरू झाले ते जानेवारी १९४४ च्या अखेरीस, म्हणजे हानी होऊन गेल्यावर.

ह्यावरून आम्ही असे म्हणत नाही की यादी असती म्हणजे सर्व वाचले असते. यादी म्हणजे अन्न नव्हे. धान्य आणणे, भाव आवरणे, दुष्काळ आहे असे वेळेवर कबूल करणे, ही कामे राज्यकर्त्यांची होती, आणि ती न केल्याचा दोष कोणत्याही खेड्याच्या कारकुनावर ढकलता येणार नाही. पण धान्य आले तेव्हाही ते पोचले प्रथम त्यांच्याकडे ज्यांची नावे लिहिलेली होती. एवढे सत्य त्या दुष्काळाने कायमचे शिकविले आहे.

७. ही गोष्ट जुनी झाली काय?

युद्ध १९४५ मध्ये संपले, टंचाई संपली नाही. १९४६ मध्ये रेशनचे प्रमाण मोठ्या माणसास रोज १२ औंस, म्हणजे सुमारे ३४० ग्रॅम, इतके खाली आणावे लागले. डिसेंबर १९४७ पासून नियंत्रणे उठविण्यात आली आणि १९४८ मध्ये पुन्हा घालावी लागली. पुढे रेशनची पद्धत देशात कायमची झाली, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने खेड्यांतील तीन चतुर्थांश व शहरांतील निम्म्या लोकांपर्यंत धान्याचा हक्क पोचविला. बहुतेकांस माणशी महिन्याला ५ किलो. हे मोठे कार्य आहे, आणि त्याचे श्रेय देण्यास आम्ही कचरत नाही.

परंतु कार्ड किती जणांना द्यावयाचे ह्याचा आकडा २०११ च्या खानेसुमारीवरून ठरला, आणि २०२१ ची खानेसुमारी ठरल्या वर्षी झाली नाही. मधल्या काळात जन्मलेली मुले त्या आकड्यात नाहीत. २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा परगावी राबणाऱ्या लक्षावधी मजुरांचे कार्ड गावी आणि पोट शहरात, अशी स्थिती दिसून आली. त्या वर्षी मे महिन्यात सरकारला कार्ड नसलेल्या सुमारे ८ कोटी मजुरांसाठी दोन महिन्यांचे धान्य निराळे जाहीर करावे लागले. कार्ड कोणत्याही गावी चालावे अशी व्यवस्था आता झाली आहे. पण ज्याला कार्डच नाही त्याला त्या व्यवस्थेचा उपयोग नाही. १९४३ मध्ये धर्मशाळेच्या ओसरीत निजणारी म्हातारी आणि २०२० मध्ये महामार्गाने चालत निघालेला गवंडी ही एकाच यादीबाहेरची माणसे होत.

८. आमची रीत व आमची विनंती

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळतो. आम्ही गावात गेल्यावर प्रथम कचेरीत का बसतो, ह्याचे उत्तर इतकेच की, ज्यांची नावे पुस्तकात आहेत त्यांच्यापर्यंत सरकारी धान्य आज ना उद्या पोचेल. ज्यांची नाहीत त्यांच्यापर्यंत आम्हीच पोचलो तर पोचलो. समितीचे धान्य थोडे आहे. ते पोते फोडून पुढे येईल त्याच्या पदरात घातले, तर पुढे येतो तो ज्याच्या अंगात गर्दीत शिरण्याइतके बळ उरले आहे तो. अंथरुणास खिळलेला, तान्ह्या मुलाची आई, अब्रूस भिऊन दाराआड बसलेले कुटुंब, हे पुढे येत नाहीत. त्यांच्याकडे जावे लागते, आणि जावयाचे तर ते कोठे आहेत हे ठाऊक असावे लागते.

म्हणून आमची रीत अशी. घरपट्टीचे पुस्तक, रेशन दुकानाची यादी, शाळेचा पट आणि जन्ममृत्यूची नोंद ही चारही शेजारी ठेवावयाची. एकात आहे आणि दुसऱ्यात नाही, असे प्रत्येक नाव निराळ्या कागदावर उतरावयाचे. मग तो कागद घेऊन सफाईच्या नोकरांबरोबर पहाटे गल्ल्या फिरावयाच्या, आणि चारही पुस्तकांत नाहीत अशी माणसे त्यात घालावयाची. हा शेवटचा कागद म्हणजेच आमची यादी. पहिले पोते फुटते ते ह्या यादीसाठी. पुढे हीच यादी आम्ही नगरपालिकेस व रेशन कचेरीस देतो आणि त्यांतील नावे पक्क्या पुस्तकात चढेपर्यंत पाठ सोडीत नाही. कारण आमचे धान्य महिन्या-दोन महिन्यांत संपेल, पण पुस्तकात चढलेले नाव पुढच्या टंचाईतही उपयोगी पडेल.

वाचकांस आमची विनंती तिहेरी आहे. ज्यांस शक्य असेल त्यांनी धान्य अथवा द्रव्य द्यावे. त्याची पावती मिळेल व हिशेब छापला जाईल. ज्यांस ते शक्य नसेल त्यांनी आठ दिवस द्यावे. ज्याचे अक्षर वाचता येते आणि ज्यास पायी फिरण्याचा कंटाळा नाही, असा प्रत्येक माणूस आम्हांस हवा आहे. आणि ज्यांस हेही जमत नसेल त्यांनी आपल्या आळीत एकदा नीट पाहून यावे. आपल्या घराच्या शंभर पावलांच्या आत असे कोण आहे की ज्याचे नाव कोणत्याच पुस्तकात नाही? ते नाव एका चिठ्ठीवर लिहून आमच्याकडे पोचते करावे. त्या चिठ्ठीस आम्ही देणगीच समजू, आणि तिचीही नोंद ठेवू.